जुन्या गिरणीचे उपाहारगृह होते तेव्हा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात जुन्या पाणचक्क्यांची काही छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. शतकानुशतके धान्य दळून अखेर बंद पडलेल्या आणि आता दुरुस्त होऊन रेस्टॉरंट म्हणून पुन्हा उघडलेल्या त्या वास्तू पाहून वाचकांनी बरीच पत्रे पाठवली. त्यांतील ज्या प्रश्नांना थोडे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटले, ते येथे घेतले आहेत. एकाच विषयाची दोन-तीन पत्रे आली असतील तेथे ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या प्रवासवर्णनांत ‘जुन्या गिरणीतले रेस्टॉरंट’ हटकून भेटते. इतक्या गिरण्या एकाच सुमारास ओस कशा पडल्या? आणि त्यांच्या जागी नेमके रेस्टॉरंटच का निघते?

उत्तर : गिरण्या ओस पडण्याचे कारण पिठाच्या स्वभावात आहे. दगडी तळ्यांमध्ये, म्हणजे जात्यासारख्या एकावर एक ठेवलेल्या दोन गोल दगडांमध्ये, गहू दळला की कोंडा आणि अंकुर पिठातच मिसळतात. अंकुरात तेल असते, ते हवेशी संयोग पावून खवट होते, आणि म्हणून असे पीठ फार दिवस टिकत नाही. जोवर पीठ टिकत नव्हते तोवर ते खाणाऱ्यांच्या जवळच दळावे लागे. त्यामुळे ओढ्याला जेथे जरा उतार मिळाला तेथे गिरणी उभी राहिली. इंग्लंडमध्ये 1086 साली झालेल्या डूम्सडे नावाच्या जमीन-मालमत्तेच्या नोंदणीत साडेपाच हजारांहून अधिक गिरण्यांची नोंद सापडते, यावरून त्यांचे जाळे किती दाट होते याची कल्पना येईल.

हे गणित बदलले ते पोलादी रुळांनी, म्हणजे एकमेकांलगत फिरणाऱ्या दंडगोलांनी. 1870च्या दशकात हंगेरीतील, विशेषतः बुडापेस्टच्या गिरण्यांनी दगडांऐवजी रुळांच्या जोड्यांमधून गहू टप्प्याटप्प्याने फोडण्याची पद्धत रूढ केली. या पद्धतीत कोंडा आणि अंकुर वेगळे काढता येत, पीठ पांढरेशुभ्र निघे आणि ते महिनोन् महिने टिके. टिकणारे पीठ दूर पाठवता येते, आणि दूर पाठवता येणारे पीठ बंदराजवळ किंवा रेल्वेजवळ, मोठ्या प्रमाणात दळणे स्वस्त पडते. अमेरिकेतील मिनिआपोलिस याच लाटेवर पिठाची राजधानी बनले. तेथील वॉशबर्न ए मिल ही प्रचंड गिरणी 2 मे 1878 रोजी पिठाच्या धुळीच्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली आणि 18 कामगार दगावले. ती पुन्हा बांधली गेली, पुढे बंद पडली, आणि आज तिच्या अवशेषांमध्ये गिरणीउद्योगाचे संग्रहालय उभे आहे. या राक्षसी गिरण्यांपुढे ओढ्याकाठच्या लहान गिरणीचा निभाव लागणे शक्यच नव्हते. काही गिरण्या जनावरांचा खुराक भरडत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कशाबशा तग धरून राहिल्या. त्यानंतर मात्र छप्पर गळू लागले, पाट गाळाने भरला आणि दारांना कुलपे लागली.

आता रेस्टॉरंटच का, याविषयी. गिरणीचे मजले धान्याच्या शेकडो पोत्यांचे ओझे पेलण्यासाठी बांधलेले असतात, त्यामुळे तुळया जाडजूड असतात आणि मधे भिंती फारशा नसतात. राहते घर करायचे तर हा मोकळा मजला भिंती घालून कापावा लागतो. उपाहारगृहाला तो आहे तसाच हवा असतो. शेजारी वाहते पाणी असते. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गिरणीत माणसे नेहमीच बसून राहत आली आहेत. दळण घेऊन आलेला शेतकरी आपला क्रम येईपर्यंत तासन् तास तेथेच थांबे, आणि गावाच्या साऱ्या बातम्या तेथे फिरत. माणसांच्या गजबजाटाची सवय असलेल्या जागेला पुन्हा माणसेच मिळावीत, हे मला योग्य वाटते.

प्रश्न : अशाच एका रेस्टॉरंटमध्ये आम्ही जेवलो. टेबलांच्या मधोमध लाकडी चाके, खांब आणि दातेरी यंत्रे उभी होती. ती दिसायला सुंदर होती, पण कोणते यंत्र काय करत असे, हे वाढणाऱ्यांपैकी कोणालाच सांगता आले नाही. आपण समजावून सांगाल का?

उत्तर : अवश्य. सर्व पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण गिरणी ही आत यंत्रे ठेवलेली इमारत नसते. ती मुळात एक यंत्र असते आणि त्या यंत्राभोवती नंतर भिंती चढवलेल्या असतात. हे एकदा ध्यानात आले की जेवणाच्या खोलीतली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी जाऊन बसते.

धान्याचा प्रवास वरून खाली होतो. पोती साखळीला अडकवून चाकाच्याच शक्तीने थेट माळ्यावर ओढली जात. मजल्यांच्या फळ्यांमध्ये आपल्याला एकावर एक येणारी चौकोनी झडपेची दारे दिसली असतील, तर ती या पोत्यांची वाट होय. पोते खालून डोक्याने दार उघडी आणि वर गेल्यावर दार आपोआप मिटे. माळ्यावरच्या लाकडी कणग्यांमधून धान्य घसरत मधल्या मजल्यावर, म्हणजे तळ्यांच्या मजल्यावर येई. तेथे दळले गेलेले पीठ लाकडी नळीतून त्याच्याही खालच्या मजल्यावर पोत्यात पडे. म्हणून जेथे आज बहुधा मुख्य भोजनकक्ष असतो, तेथे एके काळी गरम पीठ उतरत असे आणि गिरणीवाला नळीखाली हात धरून, अंगठा आणि बोटे यांत पीठ चोळून त्याचा पोत पाहत असे.

शक्तीचा प्रवास याच्या उलट, खालून वर होतो. बाहेरच्या पाणचाकाचा आस भिंतीतून आत येतो आणि त्यावर एक मोठे उभे दातेरी चाक बसवलेले असते, ज्याचा निम्मा भाग खड्ड्यात असतो. हे उभे चाक आपली गती एका आडव्या दातेरी चाकाला देते. त्या आडव्या चाकातून वर जाणारा जो जाड लाकडी खांब आपण पाहिला, तो छताला आधार देणारा खांब नव्हे, तो स्वतः फिरत असे. त्याच खांबावर आणखी एक मोठे आडवे चाक असते आणि त्याच्या कडेला लागून असलेली लहान चाके एकेका तळीला फिरवतात. प्रत्येक टप्प्यावर गती वाढत जाते. बाहेरचे मोठे चाक संथपणे एक फेरा घेई, तेवढ्यात तळीचे दहा-पंधरा फेरे होत.

दातेरी चाकांपाशी जाऊन जरा वाकून पाहिलेत तर एक गंमत आढळेल. अनेक गिरण्यांत चाक बिडाचे असते, पण त्याचे दाते लाकडाचे, सफरचंदाच्या किंवा तशाच चिवट झाडाच्या लाकडाचे, खोबणीत ठोकून बसवलेले असतात. लोखंडावर लोखंड घासले तर आवाज होतो आणि ठिणगी पडण्याची भीती असते. लाकूड शांतपणे चालते, आणि काही अडकलेच तर एखादा स्वस्त दाता मोडतो, महागडे चाक वाचते. दाते मोजलेत तर त्यांची संख्या पुष्कळदा विचित्र वाटेल. साठ दात्यांच्या चाकाला वीस दात्यांचे चाक जोडले तर तेच ते दाते पुन्हा पुन्हा एकमेकांना भिडतात आणि ठरावीक जागी झिजतात. म्हणून कारागीर मोठ्या चाकाला एक दाता जास्त देत, साठाऐवजी एकसष्ट, म्हणजे प्रत्येक दात्याची गाठ समोरच्या प्रत्येक दात्याशी पाळीपाळीने पडे आणि झीज सर्वत्र सारखी होई. गणिताची पदवी नसलेल्या सुताराने शोधलेली ही युक्ती मला आजही थक्क करते.

तळ्यांची जोडी ज्या जाड लाकडी चौकटीवर उभी असते, ती नीट पाहिलीत तर बाहेरच्या भिंतींपासून मुद्दाम सुटी ठेवलेली दिसेल. दळताना जी थरथर होते ती भिंतींना पोचून त्यांचे सांधे खिळखिळे होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. एका अर्थी ही इमारतीच्या आत उभी असलेली दुसरी इमारत आहे.

आणि शेवटी, तळीच्या वर नसराळ्यासारखी लाकडी पेटी दिसली असेल, तर तिच्या बाजूला एखादी लहान घंटा टांगलेली आहे का, ते पुढच्या वेळी पाहा. पेटीतल्या धान्याखाली एक चामडी पट्टा दाबलेला असे. धान्य संपत आले की पट्टा मोकळा होई आणि घंटा वाजू लागे. ही सूचना फार निकडीची होती, कारण मधले धान्य संपले तर दोन दगड एकमेकांवर घासतात, ठिणग्या उडतात, आणि हवेत तरंगणाऱ्या पिठाला ठिणगी लागली तर सारी गिरणी पेटते.

प्रश्न : रेस्टॉरंटबाहेर फिरणारे चाक खरोखर पाण्याने फिरते की आत कोठे मोटार बसवलेली असते, हे सामान्य माणसाला ओळखता येते का?

उत्तर : बहुतेक वेळा येते. आधी पाणी चाकाला कोठे भेटते ते पाहावे. पाणी चाकाच्या खालच्या पात्यांना धक्का देत असेल तर ते खालून चालणारे चाक होय आणि त्याला पाण्याचा वेग लागतो. लाकडी पन्हळीतून पाणी चाकाच्या माथ्यावर पडून चाकाच्या कडेला असलेल्या खणांमध्ये भरत असेल तर ते वरून चालणारे चाक होय. तेथे काम होते ते पाण्याच्या वजनाने. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने लहान प्रतिकृती करून दोन्ही प्रकारांची मोजमापे घेतली आणि 1759 साली रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडले. तेवढेच पाणी तेवढ्याच उंचीवरून मिळाले तर वरून चालणारे चाक साधारण दुप्पट काम देते, असे त्याने दाखवून दिले.

आता ओळख. पाण्याच्या वजनाने फिरणाऱ्या चाकाचे खण उतरत्या बाजूला काठोकाठ भरलेले आणि चढत्या बाजूला रिकामे दिसतात. मोटारीने फिरणाऱ्या चाकावर पाणी नुसते शिंपडल्यासारखे असते. खण भरलेले नसतात आणि तरीही चाक अगदी एकसारख्या गतीने फिरत राहते. मात्र मोटार दिसली म्हणून मालकांना लगेच दोष देऊ नये. लाकडी चाक बराच काळ स्थिर राहिले तर त्याचा खालचा भाग ओला राहून जड होतो आणि वरचा वाळतो. चाकाचा तोल जातो आणि पुढे ते फिरवणेच अवघड होते. ज्यांच्या पाटाला आता पाणीच उरलेले नाही, त्यांनी चाक जगवण्यासाठी त्याला हळू फिरवत ठेवणे हे त्याची काळजी घेणेच आहे. फक्त ते पाण्याने फिरते असे फलकावर लिहू नये.

येथे आणखी एक खुलासा करतो. चाक मुळीच नसलेली गिरणीही खोटी समजू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य गिरणीमालकांनी जुने चाक काढून त्या जागी जमिनीखालच्या खड्ड्यात टर्बाईन बसवले, कारण ते कमी जागेत अधिक शक्ती देई. अशा गिरणीला रेस्टॉरंट करताना केवळ छायाचित्रासाठी नवे लाकडी चाक जोडले जाते आणि खरे टर्बाईन भंगारात जाते, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : एका रेस्टॉरंटच्या फलकावर गिरणी सतराव्या शतकातील असल्याचे लिहिले होते, पण इमारत तेवढी जुनी वाटली नाही. असे दावे कितपत खरे मानावेत?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. जागेचे वय आणि इमारतीचे वय यांत गल्लत केल्यामुळे हे दावे फुगतात. बंधारा घालण्याजोगी जागा नदीवर थोडीच असते, म्हणून एकाच जागी एकामागून एक चार-पाच गिरण्या उभ्या राहिलेल्या असतात. आग, पूर आणि झीज यांमुळे गिरणी पुन्हा पुन्हा बांधावी लागे. कागदपत्रांत ‘येथे गिरणी आहे’ अशी जी नोंद सापडते ती पाणी अडवण्याच्या हक्काची आणि त्या बदल्यात द्याव्या लागणाऱ्या खंडाची असते; समोर दिसणाऱ्या भिंतीशी तिचा संबंध असेलच असे नाही. वर उल्लेखिलेल्या डूम्सडे नोंदीत कित्येक गिरण्यांचा खंड चक्क ईल माशांच्या संख्येत लिहिलेला आहे, कारण गिरणीसाठी अडवलेल्या पाण्यात हे मासे हमखास सापडत. ती नोंद खरी असते, जागाही तीच असते, पण त्या काळच्या गिरणीची एखादी फळीसुद्धा आज उरलेली नसते.

दारावरच्या दगडात कोरलेले सालही सावधपणे वाचावे. ते बांधणीचे असू शकते, मोठ्या दुरुस्तीचे असू शकते, किंवा दगड दुसऱ्याच इमारतीतून आणलेला असू शकतो. त्या मानाने तुळया अधिक प्रामाणिक साक्ष देतात. लाकडाच्या वार्षिक वलयांची रुंदी पावसापाण्याप्रमाणे कमीजास्त होते. त्या क्रमाची ज्ञात नमुन्यांशी तुलना करून झाड कोणत्या वर्षी तोडले हे सांगता येते, आणि तुळईला सालीखालचा शेवटचा थर शाबूत असेल तर ते नेमके सांगता येते. ओक वृक्षाचे लाकूड ओले असतानाच वापरण्याची रीत असल्यामुळे तोडणीचे वर्ष आणि बांधणीचे वर्ष फार दूर नसते. पण येथेही एक काळजी घ्यावी लागते. तुळईवर काहीही न जोडलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या तर ती तुळई आधी दुसरीकडे वापरलेली होती असे समजावे, आणि गिरणीच्या कारागिरांना जुने लाकूड वाया घालवणे मुळीच पसंत नसे.

वय अचूक सांगितलेल्या जागांचेही एक उदाहरण देतो. कॅनडातील टोरांटो येथे हंबर नदीकाठी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकामागून एक गिरण्या झाल्या. त्यांतील शेवटची दगडी गिरणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधली गेली आणि 1881 साली जळाली. तिच्या भग्न भिंतींशेजारी चहापानगृह उघडले ते 4 ऑगस्ट 1914 रोजी, ज्या दिवशी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी. गिरणीचे नाव आजच्या हॉटेलने पुढे चालवले आहे. अशा ठिकाणी ‘जागा कधीची, भिंती कधीच्या आणि भोजनगृह कधीचे’ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात, आणि तशा सांगितल्या की इतिहास कमी होत नाही, उलट अधिक भरीव होतो.

प्रश्न : पॅरिसचे मुलां रूज हे अशाच जुन्या गिरणीत आहे का?

उत्तर : नाही. 1889 साली उघडलेल्या त्या नृत्यगृहाची लाल पवनचक्की पहिल्यापासून शोभेचीच आहे. तिने धान्याचा एक दाणाही दळलेला नाही. मात्र त्याच मोंमार्त्र टेकडीवर मुलां द ला गालेत या नावाने प्रसिद्ध असलेल्या खऱ्या पवनचक्क्या आहेत. त्यांतील एक 1622 साली आणि दुसरी 1717 साली बांधलेली. पहिलीचे नाव ब्ल्यूत-फँ, म्हणजे ‘बारीक चाळणारी’. नावातच पिठाची चाळण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या देब्रे नावाच्या गिरणीवाल्या कुटुंबाकडे आल्या. या कुटुंबाने आपल्याच पिठाची भाकरी, म्हणजे गालेत, दुधाच्या पेल्याबरोबर विकायला सुरुवात केली. पुढे दुधाच्या जागी मद्य आले, अंगणात नाच सुरू झाला, आणि 1876 साली चित्रकार रन्वारने तेथली दुपार रंगवली. गिरणीचे भोजनगृह होण्याचे हे उदाहरण मला विशेष प्रिय आहे, कारण तेथे गिरणी बंद पडल्यावर कोणी बाहेरून येऊन भोजनगृह काढले नाही. दळणाऱ्यांनीच आपल्या पिठाचे खाद्य करून लोकांपुढे ठेवले.

प्रश्न : जुन्या दगडी तळ्यांची टेबले केलेली किंवा त्या अंगणातल्या फरशीत बसवलेल्या अनेक ठिकाणी दिसतात. हे योग्य आहे का?

उत्तर : तळी मोडकी, जोडीविना उरलेली असेल तर त्यात गैर काही नाही. पण ती उलटी बसवू नये, इतके माझे आग्रहाचे सांगणे आहे. तळीचा सारा इतिहास तिच्या दळणाऱ्या बाजूवर लिहिलेला असतो. तिच्यावर मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चऱ्या खोदलेल्या असतात. वरची तळी फिरू लागली की वरच्या आणि खालच्या तळीच्या चऱ्या कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना छेदतात, दाणा कापला जातो, आणि त्याच चऱ्यांमधून पीठ कडेकडे ढकलले जाऊन वाऱ्याने थंडही होते. दोन्ही तळ्या एकमेकींना टेकत नाहीत. कडेशी त्यांच्यामध्ये पातळ कागदाएवढेच अंतर असते. या चऱ्या बोथट झाल्या की तळी उचलून, उलटून तिला टाकी लावावी लागे, जशी जात्याला लावतात. टाकी लावणाऱ्याच्या हाताच्या पाठीवर पोलादाचे बारीक कण उडून कातडीत रुतत आणि निळसर ठिपके कायमचे राहत.

तळी निरनिराळ्या तुकड्यांची जोडलेली आणि भोवती लोखंडी धाव ठोकलेली दिसली, तर ती बहुधा फ्रान्समधील मार्न नदीच्या खोऱ्यात, ला फेर्ते-सू-जुआर या गावी काढलेल्या गारेच्या दगडाची असावी. हा दगड अतिशय कठीण आणि सच्छिद्र असल्यामुळे त्याची धार टिके, पण तो मोठ्या अखंड शिळांत क्वचितच मिळे. म्हणून तुकडे घासून, जुळवून, प्लास्टरने सांधत. एकोणिसाव्या शतकात या तळ्या समुद्रापार दूरवर निर्यात होत. असा दगड तुमच्या टेबलाखाली असेल तर तो कोठून आला हे जेवणाऱ्याला कळायला हवे.

फरशीत बसवलेल्या तळ्यांवरून मात्र मला एक जुनी हकीकत आठवते. मध्ययुगीन युरोपात बऱ्याच ठिकाणी रयतेने आपले धान्य जमीनदाराच्या किंवा मठाच्याच गिरणीत, मोबदला देऊन दळावे अशी सक्ती होती. इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्सच्या मठाने चौदाव्या शतकात नगरवासीयांची घरगुती जाती जप्त केली आणि ती मठाच्या बैठकीच्या दालनात फरशी म्हणून बसवली. 1381 सालच्या शेतकरी उठावात लोक त्या दालनात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली, दगड फोडले आणि एकेक तुकडा आपापल्या घरी नेला. गिरणीकडे आपण आज कौतुकाने पाहतो, पण तिच्या दगडाखाली सत्तेचे आणि पोटाचे भांडणही आहे, ही गोष्ट रेस्टॉरंटच्या इतिहासफलकावर सहसा आढळत नाही. ती आढळावी असे मला वाटते.

प्रश्न : मी वास्तुशास्त्राची विद्यार्थिनी आहे. बंद गिरणीचे रेस्टॉरंट करण्याचा आराखडा आम्हाला अभ्यासासाठी दिला आहे. स्वयंपाकघर, जिना आणि स्वच्छतागृहे यांसाठी जागा हवी, पण यंत्रे जागा अडवतात. काय ठेवावे आणि काय काढावे?

उत्तर : स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 सालच्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेच्या पाचव्या कलमात या प्रश्नाचे तत्त्व सांगितलेले आहे. स्मारकाचा समाजोपयोगी वापर झाला तर त्याचे जतन सुकर होते, म्हणून असा वापर इष्ट आहे. मात्र त्यासाठी वास्तूची मांडणी किंवा तिचे अलंकरण बदलता कामा नये. गिरणीच्या बाबतीत ‘मांडणी’ या शब्दाचा अर्थ खोल्यांची मांडणी असा घेऊ नका. येथे मांडणी म्हणजे पाण्यापासून पिठापर्यंतची सलग साखळी : बंधारा, पाट, पाणी सोडायचे दार, चाक, दातेरी चाके, तळ्या, पोत्यांची दारे आणि पाणी परत नदीत नेणारी चर. यांतला एक दुवा काढला की बाकीचे सारे निरर्थक लाकूड आणि लोखंड होते.

विद्यार्थ्यांच्या आराखड्यांत वारंवार दिसणारी चूक अशी की, तळ्यांखालची ती सुटी चौकट भिंतींना जोडलेली नाही, म्हणून ‘नंतर आणून ठेवलेली’ समजली जाते आणि पहिल्याच बैठकीत तिच्यावर फुली मारली जाते. वर सांगितल्याप्रमाणे ती सुटी असणे हेच तिचे काम आहे. त्यामुळे पेन्सिल हातात घेण्यापूर्वी गिरणी एकदा माळ्यापासून तळापर्यंत धान्याच्या वाटेने आणि एकदा तळापासून माळ्यापर्यंत शक्तीच्या वाटेने चालून पाहा. या दोन वाटा नकाशावर दोन रंगांत काढा. जे या वाटांवर येते ते ठेवायचे, एवढा निकष घेतलात तर बहुतेक निर्णय आपोआप होतील. प्रत्येक गिरणीत या वाटांच्या बाहेर, कडेकोपऱ्यांत पुष्कळ जागा असते.

स्वयंपाकघर शक्यतो मूळ इमारतीत घेऊच नये. वाफ, तेलकट धूर आणि रोजची धुलाई यांनी जुने लाकूड लवकर खराब होते, आणि धूर बाहेर काढणाऱ्या मोठ्या नळ्यांसाठी छताला भगदाडे पाडावी लागतात. शेजारी वेगळी, साधी, आजच्या काळातली म्हणून ओळखू येईल अशी खोली बांधून तिला छोट्या मार्गाने जोडणे बरे. आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा जिनाही त्याच नव्या भागात नेता येतो. गिरणीचे मूळ जिने शिडीइतके उभे असतात आणि ते सुरक्षेच्या कोणत्याच नियमात बसत नाहीत. फिरते भाग लोकांच्या हाताला लागणार नाहीत असे कठडे घालावे लागतील, पण काचेची बंद पेटी टाळा, कारण लाकडाला हवा लागते. पुराची पातळी भिंतीवरच्या जुन्या खुणांवरून शोधा आणि विजेची जोडणी तिच्या वर घ्या. नदीकाठच्या भिंती ओल धरतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवून ओल आत कोंडू नका, चुन्याचा गिलावा वापरा, म्हणजे भिंत वाळत राहील.

पाटाविषयी आणखी थोडे. पाण्याचा हक्क हा गिरणीचा सर्वांत जुना आणि सर्वांत सहज विसरला जाणारा भाग आहे. इमारत विकत घेताना बंधारा आणि पाट कोणाच्या मालकीचे आहेत, पाणी वळवण्याची परवानगी अजून चालू आहे का, आणि माशांना वरच्या अंगाला जाण्यासाठी वाट ठेवावी लागेल का, हे आधीच तपासावे लागते. ते तपासले नाही तर उद्घाटनाच्या दिवशी चाक कोरडे उभे राहते.

आणि आराखड्यात एक माणूसही ठेवा. नेदरलँड्समधील पाणचक्क्या व पवनचक्क्या चालवणाऱ्या गिरणीवाल्यांच्या कौशल्याला 2017 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या देशात हौशी स्वयंसेवक रीतसर शिकून, परीक्षा देऊन गिरण्या चालवतात. आपल्या रेस्टॉरंटमध्ये आठवड्यातून एक सकाळ, ग्राहक येण्यापूर्वी, पाण्याचे दार उघडून चाक फिरवणारा, आसांना वंगण देणारा, सैल झालेला दाता ठोकून बसवणारा आणि पसाभर गहू वैरून घंटेचा पट्टा अजून काम करतो की नाही हे पाहणारा कोणीतरी असायला हवा. त्याच्यासाठी हत्यारांचे एक कपाट आणि तळ्यांभोवती वावरायला दीड हात जागा एवढे नकाशात आजच दाखवून ठेवा. मागाहून ती जागा टेबलांच्या हिशेबात हमखास जाते.